कराचा दर ठरतो तेव्हा सभागृहात बोला: महाराष्ट्राच्या खासदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर निवडून गेलेले सर्व 48 सदस्य

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी ओसरलं, त्याच्या चौथ्या दिवशी मी मारुती चौकाजवळच्या एका पेढीत गेलो होतो. दोन भावांची ती हळदीची पेढी. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून तिची रिटर्न्स मी भरतो. खालची वखार सगळी बुडाली होती. पोती फुगून फाटलेली, भिंतीवर पुरुषभर उंचीला चिखलाची रेघ, आणि वास असा की तोंडाला रुमाल लावूनही आत उभं राहवत नव्हतं. धाकट्या भावाने बिलबुकं आणि खतावण्या गच्चीवर नेल्या होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली. तो एकेक पान पट्टीने अलगद सोडवत होता, उन्हात पसरत होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तराजूची वजनं ठेवत होता. ऑडिटची मुदत तेव्हा 30 सप्टेंबर होती.

त्याने मला एकच विचारलं, “काका, यंदा टॅक्स किती बसंल?”

मागच्या वर्षीचा नफा कागदावर होता, त्याच्यावर कर भरायचा होता. माल या वर्षीचा होता, तो वाहून गेला होता. मी दुकानातल्या एका कोरड्या खोक्यावर बसून आकडा काढला. भागीदारी पेढीला प्राप्तिकराचे टप्पे नसतात. पहिल्या रुपयापासून सरळ 30 टक्के आणि त्या करावर 4 टक्के उपकर, म्हणजे शंभराला 31 रुपये 20 पैसे.

महिन्याभराने, 20 सप्टेंबरला, पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी अर्थमंत्र्यांनी पत्रकार परिषद घेतली. मोठ्या कंपन्यांचा 30 टक्क्यांचा मूळ दर 22 टक्क्यांवर आला. नव्याने कारखाना काढणाऱ्या कंपन्यांना 15 टक्के. त्याच दिवशी अध्यादेश. सरकारचं उत्पन्न वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींनी घटेल, हा अंदाजही सरकारनेच दिला. शेअर बाजार एका दिवसात 1900 अंशांहून जास्त चढला. संध्याकाळी थोरल्या भावाचा फोन आला. त्याने टीव्हीवर पाहिलं होतं. “आमचा दर बी उतरला का?”

नव्हता उतरला. आजही तो 30 टक्केच आहे.

मी तासगावात 27 वर्षं कर सल्लागार म्हणून काम करतो. बेदाण्याचे व्यापारी, शिक्षक, नर्स, कुपवाड एमआयडीसीतले कामगार, लष्करातून निवृत्त झालेले जवान, छोटे ठेकेदार अशा लोकांची रिटर्न्स माझ्या टेबलावरून जातात. कर भरू नये असं मी आजवर कुणालाही सुचवलेलं नाही. दर वाढवा किंवा कमी करा, हे सांगायलाही हे पत्र नाही. कंपन्यांचा दर उतरवण्यामागे काही विचार होता, हे मला मान्य आहे. त्या वर्षी एप्रिल ते जून या तिमाहीत विकासदर 5 टक्क्यांवर आला होता, चाकण-भोसरीत कारखाने एकेक पाळी बंद ठेवत होते, आणि गुंतवणूक वाढावी म्हणून सरकारने काही करणं भागच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. काळ कठीण असतो तेव्हा कुणाचा भार उतरवायचा आणि कुणाचा तसाच ठेवायचा हे ठरतं. ते ठरवण्यासाठी आम्ही तुम्हाला निवडून दिलं, आणि गेल्या काही वर्षांत नेमकं ते ठरताना तुम्ही बोललेला नाहीत.

2019 चंच बघा. पावसाळी अधिवेशन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात संपलं होतं, म्हणून अध्यादेश. त्याचं विधेयक लोकसभेत मंजूर झालं 2 डिसेंबरला. चर्चा झाली, पण तोवर अनेक कंपन्यांनी सप्टेंबर तिमाहीचे निकाल नव्या दराने मांडून झाले होते. बाजार केव्हाच चढून गेला होता. झालेल्या गोष्टीवर चर्चा करून कुणाचा दर बदलणार होता?

माझ्या त्या दोन भावांच्या प्रश्नाला अर्थमंत्रालयाकडे उत्तर आहे, ते मला ठाऊक आहे. कंपनीने लाभांश वाटला की त्यावर पुन्हा कर लागतो, पेढीच्या भागीदाराला नफ्यातल्या वाट्यावर दुसऱ्यांदा कर लागत नाही. शिवाय भागीदारांचा पगार खर्चात धरता येतो. बरोबर आहे. पण कंपनीने नफा वाटलाच नाही, धंद्यातच ठेवला, तर तिला अधिभार (करावरचा जादा कर) आणि उपकर धरून साधारण 25 टक्के पडतात, आणि नफा धंद्यातच ठेवणाऱ्या पेढीला 31. महापुरानंतर वखार पुन्हा उभी करायला नफा धंद्यातच ठेवावा लागतो. या दोन बाजू समोरासमोर मांडून कुठली जड हे ठरवण्याची जागा लोकसभा आहे. तिथे ते होत नाही म्हणून ते माझ्या टेबलावर होतं, आणि मी फार तर त्यांना चहा पाजू शकतो.

आमच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून एक गोष्ट सांगतो. 1961 चा प्राप्तिकर कायदा हा इतका जाडजूड ग्रंथ होता, पण दर ठरवायला तो एकटा पुरत नसे. जुन्या पद्धतीचे टप्पे आणि टक्के दर वर्षीच्या वित्त अधिनियमाच्या, म्हणजे मंजूर झालेल्या वित्त विधेयकाच्या, पहिल्या अनुसूचीत (परिशिष्टात) येतात. त्या एका वर्षापुरतेच. पुढच्या वर्षी सरकारला पुन्हा तुमच्यासमोर यावं लागतं. संविधानाच्या कलम 265 मध्ये म्हटलंय की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही आणि वसूलही करता येणार नाही. म्हणजे दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये देशाचा अर्थमंत्री तुमच्या दारात उभा राहतो आणि विचारतो, लोकांच्या मिळकतीतून एवढं घेऊ का? तुमच्या होकाराशिवाय त्याला एक रुपया घेता येत नाही. हा केवढा मोठा अधिकार आहे!

आता त्या होकाराची नोंद बघू.

14 मार्च 2018. गदारोळात वित्त विधेयक चर्चेविना मंजूर. 2004 पासून करमुक्त असलेल्या शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर त्यात 10 टक्के कर आला, आणि 3 टक्क्यांचा उपकर 4 टक्के झाला. हा उपकर राज्यांबरोबर वाटून घ्यायचा नसतो. तो सगळा केंद्राकडे राहतो. महाराष्ट्र देशाच्या थेट करात सर्वांत मोठी भर घालतो, आणि त्याच महाराष्ट्राच्या तुम्हा 48 जणांसमोरून तो एक टक्का निघून गेला.

23 मार्च 2020. कोरोना दारात होता, दोन दिवसांनी देश बंद झाला. विरोधकांनीही संमती दिली आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर झालं. त्या दिवशीची घाई मी समजू शकतो. पण काय मंजूर झालं? वजावटी सोडून द्या आणि कमी दर घ्या, ही नवी करपद्धत त्याच विधेयकातून आली. आज नोकरदार माणूस माझ्यासमोर बसला की पहिला प्रश्न विचारतो, “जुनी घेऊ का नवी?” घरकर्ज, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांवर बचतीची सवय लावणारी अनेक दशकांची चौकट बाजूला सारायला सुरुवात झाली आणि लोकसभेत त्यावर एक दुपारही खर्च झाली नाही.

त्याच दिवशी ऐनवेळच्या दुरुस्त्यांमध्ये आणखी एक गोष्ट होती. पेट्रोल-डिझेलवरचं विशेष उत्पादन शुल्क कुठवर वाढवता येईल याची मर्यादा वर नेण्यात आली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेट्रोलवर लिटरमागे 10 रुपये आणि डिझेलवर 13 रुपये वाढले. त्या दिवसांत आमच्या भागातली द्राक्षं बागेत सुकत होती आणि जी थोडी निघाली ती टेंपोत घालून शेतकरी दारोदार विकत होते. कंपन्यांचा कर आठ महिन्यांपूर्वी उतरला आणि टेंपोच्या डिझेलचा कर मेमध्ये चढला. सरकारची तिजोरी रिकामी होती, पैसा कुठून तरी उभा करायचाच होता, हे कबूल. पण कुणाकडून घ्यायचा, या प्रश्नावर तुमच्यापैकी कुणी सभागृहात उभं राहिल्याचं त्या महिन्यांत माझ्या वाचनात आलं नाही, आणि मी ते शोधत होतो.

24 मार्च 2023. पुन्हा गदारोळ, पुन्हा चर्चा नाही, 64 सरकारी दुरुस्त्या आणि आवाजी मतदान. या दिवसावर मी जरा थांबणार आहे.

त्या वर्षी नव्या पद्धतीत 7 लाखांपर्यंत कर माफ झाला. पण विधेयक फेब्रुवारीत मांडलं गेलं तेव्हा त्यात एक खड्डा होता. ज्याचं उत्पन्न 7 लाख त्याला कर शून्य, आणि ज्याचं 7 लाख 100 रुपये त्याला कर 25 हजार 10 रुपये. शंभर रुपयांच्या वाढीवर पंचवीस हजारांचा कर! आमच्यातल्या अनेकांनी ते पहिल्याच आठवड्यात वहीवर मांडून पाहिलं होतं. सरकारने 64 दुरुस्त्यांपैकी एकीने तो खड्डा बुजवला, त्याबद्दल मी आभारच मानतो. मला वाईट वाटलं ते याचं, की तो खड्डा सभागृहात कुणी दाखवला नाही. आणि त्याच कलमातला दुसरा खड्डा तसाच राहून गेला.

ती करसवलत फक्त टप्प्यांनुसार लागणाऱ्या करावर मिळणार, की शेअरवरच्या अल्पकालीन नफ्यासारख्या वेगळ्या दराने लागणाऱ्या करावरही, हे स्पष्ट नव्हतं. कायद्याची भाषा दोन्हीकडे वाचता येत होती. जुलै 2024 मध्ये माझ्याकडे कुपवाडच्या एकाच कारखान्यातले दोन तरुण फिटर आले. दोघांचा पगार वजावटीनंतर साधारण 4 लाख 60 हजार. दोघांनी मोबाइलवरून शेअर घेतले-विकले आणि 40 हजारांच्या आसपास नफा मिळवला. एकाने जूनमध्येच रिटर्न भरलं होतं. त्याला सवलत मिळून कर शून्य आला होता. 5 जुलैला प्राप्तिकर विभागाने रिटर्नच्या संगणक प्रणालीत बदल केला. त्यानंतर आलेल्या दुसऱ्याचं रिटर्न मी त्याच आकड्यांनी भरायला घेतलं तर कर दिसायला लागला, 6 हजार 240 रुपये. तो माझ्याकडे बघायचा, मी स्क्रीनकडे. “सर, आमचं सगळं सारखंच हाय की,” असं तो दोनदा म्हणाला. मला त्याला कायद्यातला फरक दाखवता येईना, कारण कायदा बदललेलाच नव्हता.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने अशा करदात्यांसाठी मुदत वाढवायला सांगितली, जानेवारीत निकाल दिला, आणि मग 2025 च्या वित्त विधेयकात सरकारने पुढच्या काळासाठी ते कलम स्पष्ट केलं. दोन वर्षं, एक जनहित याचिका, हजारो सुधारित रिटर्न्स. 24 मार्च 2023 ला एका सदस्याने उभं राहून “ही सवलत भांडवली नफ्यावरच्या करालाही आहे का?” एवढं विचारलं असतं आणि मंत्र्यांनी हो किंवा नाही म्हटलं असतं, तर ते उत्तर कामकाजाच्या नोंदीत आलं असतं आणि त्या पोराच्या सहा हजारांचा निकाल दोन मिनिटांत लागला असता.

सभागृहात बोलून काय होतं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. पक्षादेश (व्हिप) असतो, मतं आधीच मोजलेली असतात, बोलून आकडा बदलत नाही. म्हणून गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण करून देतो. 1902 च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. 1896 आणि 1899 चे दोन भयंकर दुष्काळ आणि मधला प्लेग यांतून आपला प्रांत नुकता बाहेर येत होता. सरकारच्या तिजोरीत मात्र दर वर्षी शिल्लक पडत होती. लोक भुकेने मरत असताना शिल्लक राहते, याचा अर्थ कर गरजेपेक्षा जास्त घेतला जातोय, हे त्यांनी व्हाइसरॉय कर्झनच्या तोंडावर आकड्यांनिशी मांडलं. त्या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशींसारख्या जाणकारांचे कष्ट होते. मिठावरचा कर कमी करा आणि प्राप्तिकराची सूट 500 रुपयांवरून 1000 पर्यंत न्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

गोखल्यांना त्या सभागृहात अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार नव्हता. सभासदांनी फक्त बोलायचं, निर्णय आधीच झालेला असायचा. बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं. पुढच्याच वर्षी, 1903 मध्ये, मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची मर्यादा 1000 रुपये झाली. हे एकट्या त्यांच्या भाषणामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण मताचा अधिकार नसलेला एक प्राध्यापक सरकारला उत्तर द्यायला भाग पाडतो, ही गोष्ट मी शाळेत असताना वाचली आणि या व्यवसायात येण्याचं ते एक कारण होतं. तुमच्याकडे तर मत आहे. दुरुस्तीची सूचना देण्याचा, आवाजी मतदान मान्य नसेल तर मतविभागणी मागण्याचा अधिकार आहे. पक्षादेश मत देण्यावर असतो, प्रश्न विचारण्यावर नसतो.

प्राप्तिकर आपल्याकडे आला तोच तंगीत. 1857 च्या उठावाचा खर्च डोईजड झाला म्हणून 1860 मध्ये तेव्हाच्या सरकारचं अर्थखातं सांभाळणाऱ्या जेम्स विल्सनने तो आणला, आणि मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने उघड विरोध केला म्हणून त्याला पद गमवावं लागलं. म्हणजे वाद पहिल्या दिवसापासून आहे. तंगी आली की कराचा प्रश्न टोकदार होतो आणि तेव्हाच तो नीट मांडावा लागतो.

आमच्या शेजारच्या कराडचे यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री होते तेव्हाही दिवस वाईट होते. 1972 चा दुष्काळ, मग तेलाचे भाव, मग महागाई. प्राप्तिकराचा वरचा दर अधिभार धरून 97.75 टक्के होता. 1974 च्या अर्थसंकल्पात त्यांनी तो 77 वर आणला. श्रीमंतांचा कर महागाईच्या वर्षात उतरवणं त्या काळच्या राजकारणात सोपं नव्हतं. पण त्याआधी प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने अहवाल दिला होता. इतका चढा दर माणसाला कर चुकवायलाच शिकवतो, हे समितीचं म्हणणं दोन वर्षं देशासमोर होतं आणि त्याच्या बाजूने-विरुद्ध भरपूर बोललं गेलं होतं. मग निर्णय झाला. पटला नाही त्यांनाही तो का झाला हे माहीत होतं.

आणि त्याच दुष्काळातून आपल्या विधिमंडळाने काय केलं ते तर प्रत्येक पगारपत्रकावर आजही छापलेलं आहे. “पी.टी. 200.” फेब्रुवारीत 300. नव्या नोकरीला लागलेली मुलं मला विचारतात, हे कशाचे कापतात? मी त्यांना सांगतो. माझ्या गावापासून जवळ विसापूर आहे. वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा पहिला प्रयोग तिथे केला. पागे विधान परिषदेचे सभापती होते. 1972 चा दुष्काळ पडल्यावर योजना राज्यभर न्यायची ठरली, तिला पैसा हवा होता, म्हणून 1975 मध्ये व्यवसायकराचा, म्हणजे याच ‘पी.टी.’चा, कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं आणि खडी फोडणाऱ्या बाईला काम मिळायचं. कर कोणावर, किती आणि कशासाठी, हे तिन्ही लोकांना समजत होतं. मी स्वतः वर्षाला 2500 रुपये भरतो आणि ते भरताना मला कधीही जड वाटलेलं नाही.

आता हे ऐका. नव्या करपद्धतीत पगारदाराला या व्यवसायकराची वजावट मिळत नाही. जुन्या पद्धतीत मिळते. म्हणजे रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने उभारलेल्या करात जो पैसा हातात न येताच कापला जातो, तोही केंद्र माझ्या पक्षकारांचं उत्पन्न म्हणून धरतं. रक्कम लहान आहे. पण प्रश्न महाराष्ट्राचा आहे आणि तो विचारण्यासाठी आमच्याकडे तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही.

दर न बदलणं हाही एक निर्णय असतो, हेही तुमच्या कानावर घालायचं आहे. जुन्या पद्धतीत अडीच लाखांची करमुक्त मर्यादा 2014 पासून तशीच आहे. बचतीची दीड लाखांची वजावट, घरकर्जाच्या व्याजाची दोन लाखांची वजावट, दोन्ही तेव्हापासून तशाच. 2014 मध्ये घर घेतलेल्या एका शिक्षिकेची फाइल माझ्याकडे आहे. तेव्हा तिच्या मुलाच्या बालवाडीची फी बाराशे होती, आता तो अभियांत्रिकीच्या उंबरठ्यावर आहे. पगार आकड्याने वाढला, महागाईने खाल्ला, आणि वाढलेल्या आकड्यावर कर मात्र वाढत गेला. कुणीही दर वाढवला नाही, कुणीही मत दिलं नाही. नव्या पद्धतीत 2025 पासून 12 लाखांपर्यंत कर नाही, त्याचा अनेकांना मोठा आधार झाला, आणि त्या वर्षी वित्त विधेयकावर चर्चाही झाली, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच वर्षी 11 ऑगस्टला नवा प्राप्तिकर कायदा, 536 कलमांचा, लोकसभेत काही मिनिटांत चर्चेविना मंजूर झाला. खासदारांच्या प्रवर समितीने आधी पुष्कळ कष्ट घेतले होते, शेकडो सूचना केल्या होत्या. समितीत 31 सदस्य होते. बाकीच्यांचं काय? 1 एप्रिल 2026 पासून माझं काम त्या कायद्याने आहे. माझ्याकडे येणारा माणूस “असं का?” विचारेल तेव्हा मी कुठल्या चर्चेकडे बोट दाखवू?

2025 मध्येही दिवस बरे नव्हते. सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्याने पिकांबरोबर मातीही खरवडून नेली. अमेरिकेच्या 50 टक्के आयात शुल्काने निर्यातीच्या ऑर्डरी अडकल्या, त्याचे परिणाम इचलकरंजी-सोलापूरच्या लोकांच्या बोलण्यात रोज येत होते. अशा वेळी सरकार काही सवलती देईल, काही ठिकाणी हात आखडता घेईल. फेब्रुवारीत पुन्हा वित्त विधेयक येईल.

तेव्हा एवढं करा. वित्त विधेयकाच्या दिवशी सभागृहात हजर राहा, मग तुमचा पक्ष कोणताही असो. गदारोळ घालायचा असेल तर दुसरा दिवस निवडा, आणि विरोधी बाकांवरच्या सदस्यांनाही माझी ही विनंती तेवढीच कळकळीची आहे, कारण चर्चा बुडाली की सरकारचं काम सोपं होतं. पहिली अनुसूची वाचून या. ती काही पानांचीच असते. भागीदारी पेढीला 30 आणि कंपनीला 22 का, हा प्रश्न तुमच्यापैकी एकाने तरी विचारा आणि मंत्र्यांचं उत्तर नोंदीत येऊ द्या. उपकर आणि अधिभार आणखी किती वर्षं राज्यांबरोबर वाटले जाणार नाहीत, ते विचारा. ऐनवेळी दुरुस्त्या आल्या तर त्या वाचायला एक दिवस मागा. दर वर्षी निदान वित्त विधेयक तरी समितीकडे जावं, अशी सूचना 48 जणांच्या सह्यांनी अध्यक्षांना द्या. आणि बोलून आल्यावर मतदारसंघात येऊन सांगा की तुम्ही काय विचारलंत.

तयारीला माणूस हवा असेल तर आमच्यासारखे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. जानेवारीत आमचं काम थोडं हलकं असतं. कलम समजावून सांगायला, आकडे काढून द्यायला आम्ही एक पैसा न घेता बसू. मी तर बसेनच.

मारुती चौकाजवळची ती पेढी चालू आहे. 2021 मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा खतावण्या आधीच वरच्या मजल्यावर होत्या. धाकट्या भावाने 2019 ची पानं फेकली नाहीत, तपकिरी पडलेली तशीच फडक्यात बांधून ठेवली आहेत. तुमच्यापैकी कुणाला अर्थसंकल्पाआधी तिथे येऊन त्या दोघांशी बोलायचं असेल, तर कळवा. सौदे संपले की संध्याकाळी सहानंतर दोघेही मोकळे असतात.

आपला नम्र,
एक कर सल्लागार
तासगाव, जि. सांगली